हिरवा बाण

आज तिने फोन कपाटात ठेवला आणि पटासमोर बसली. समोर नवरा होता, खिडकीबाहेर बघत.

अर्धांगवायूचा झटका येऊन चार महिने झाले होते. हात-पाय सावरले, पण तोंडातून अवाक्षर नाही. डॉक्टर म्हणाले होते, "बोलता येईल त्यांना. पण बोलावंसं वाटलं पाहिजे. आवडीचं काहीतरी समोर ठेवा." आता या माणसाची आवड एकच, बुद्धिबळ. आणि तिला उंट आणि प्यादं यांतला फरकसुद्धा ठाऊक नव्हता!

मग लेकीने फोनमध्ये बुद्धिबळाचं इंजिन घालून दिलं. "आई, बाबा जे खेळतील ते इथे टाक. मग हिरवा बाण दाखवेल तीच खेळी खेळायची. स्वतःचं डोकं अजिबात लावायचं नाही हं!" तीन आठवडे तिने मांडीवर फोन लपवून इमानेइतबारे बाण पाळला. तिची सुरुवात अशी बिनचूक व्हायची, की नवरा दहा-बारा खेळ्यांतच कंटाळून सोंगट्या टाकून उठायचा.

खरं तर कंटाळणारा माणूस नव्हे तो. आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली. तिथे त्याला 'लाल पेन्सिल' म्हणायचे. घरीही तीच तऱ्हा. वाणसामानाच्या यादीत वेलांटी चुकली तरी बोट ठेवून म्हणायचा, "चूक." त्या एका शब्दापायी तिने तीस वर्षं डोक्याला ताप करून घेतला होता.

पण काल तिला आपलीच लाज वाटली. आजारी माणसाला किती दिवस फसवायचं? बाणाखाली पुढच्या खेळ्यांची एक ओळ यायची: डी-४, डी-५, सी-४. ती तिने पोळ्या लाटता लाटता घोकून ठेवली होती. आज जे होईल ते आपल्या डोक्याने.

डी-४. तिने प्यादं पुढे टाकलं. नवऱ्याने घोडा काढला. आता डी-५. तेच प्यादं तिने आणखी एक घर पुढे ढकललं. बिचारं एकटंच जाऊन उभं राहिलं.

नवऱ्याची मान वळली. त्याने प्याद्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. पेन्सिल धरावी तशी बोटं जुळली. ओठ थरथरले.

"चू... चूक!"

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "अहो, काय म्हणालात? पुन्हा म्हणा ना!"

"चूक," तो म्हणाला. या खेपेला चांगला वैतागून.

लेक फोनवर आधी रडली आणि मग हसत सुटली. "अगं आई, डी-५ ही बाबांची खेळी! ते इंजिन दोघांच्याही खेळ्या सांगतं. एक तुझी, एक त्यांची. समोरचा उत्तम काय खेळेल ते धरूनच तुला सुचवतं."

"म्हणजे मी बाणावर चालले, की ह्यांना बोलायला जागाच उरत नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फोन पुन्हा मांडीवर आला. हिरवा बाण कुठे जातोय ते तिने डोळ्यांत तेल घालून बघितलं. तिथे चुकूनही खेळायचं नव्हतं.