सुभेदारांचा जिना

लिफ्टला विरोध एकट्या सूर्याजीरावांचा. निवृत्त सुभेदार, वय पंचाहत्तर. "फौजेत डोंगर चढलोय, चार मजल्यांचं काय कौतुक?" पण शेजारच्या शामलाबाईंच्या व्हीलचेअरसाठी थाटीपूर वस्तीतल्या त्यांच्या इमारतीत लिफ्ट आलीच. सूर्याजीराव मात्र रोज सगळ्यांसमोर जिन्याकडेच वळत.

दोन महिन्यांनी एका दुपारी लिफ्ट मधेच अडकली. शामलाबाईच असणार म्हणून सगळे धावले. सूर्याजीरावांच्या पत्नी शांताताईही आल्या. मेकॅनिकनं दार उघडलं, तर आत भाजीची पिशवी घेऊन सूर्याजीराव.

"सुभेदारसाब, आप?" सेक्रेटरी लक्ष्मीकांत चाट पडला.

"शामलाबाईंसाठी तपासत होतो."

"रोजच तपासतात. पहिल्या मजल्यावरून बसतात," मागून व्हीलचेअर पुढे घेत शामलाबाई म्हणाल्या.

शांताताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "मग दोन महिने रोज संध्याकाळी तेल लावून मी चेपतेय ते पाय कशानं दुखत होते?"