घरातला एकच ई-मेल

"नाही घेत गं मावशी," लमिया म्हणाली. पडद्यावर पुन्हा तीच लाल ओळ उमटली होती: हा ई-मेल स्वीकारता येत नाही.

मांडीवर पर्स धरून वसीला समोरच्या खुर्चीत बसली होती. लमियाच्या पब्लिनेटमध्ये, म्हणजे गावातल्या इंटरनेट केंद्रात, ती आयुष्यात पहिल्यांदाच येत होती, पण तिनं इकडेतिकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचा मुलगा रमझी ज्या होडीत बसून इटलीला निघाला, ती होडी बुडाल्याला एक अख्खा हिवाळा उलटला होता. आधी ती रडली, मग शेजारणींवर ओरडली. आता काहीच होत नव्हतं. चहा गार झाला की गरम, हेही तिला कळत नसे.

उद्या शुक्रवार. उद्या रमझीला मेलेला धरून घरी कुराण वाचायचं आणि गल्लीत कुसकुसचं जेवण वाटायचं, असं तिच्या नवऱ्यानं, हमीदानं, ठरवून टाकलं होतं. तो स्वतः मच्छीमार. समुद्र काय परत देतो आणि काय नाही, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. वसीलानं एकच गोष्ट मागून घेतली होती: आधी मला माझ्या थुंकीचा नमुना देऊ दे. समुद्रात हरवलेल्यांची आणि ताटातूट झालेल्या घरच्यांची नोंद ठेवणारी एक संस्था होती. किनाऱ्याला लागलेल्या बेवारस प्रेतांशी ती आईचा नमुना ताडून पाहायची. पण त्याआधी वेबसाइटवर नाव नोंदवावं लागे, आणि तिथं पहिल्याच चौकटीत गाडं अडलं होतं.

लमियानं पत्ता पुसून नव्यानं लिहिला. मागे-पुढे मोकळी जागा राहिली का ते पाहिलं. कीबोर्ड अरबीवरून फ्रेंचवर नेला. दुसऱ्या संगणकावरही करून पाहिलं. अर्ध्या महदिया गावाचे परीक्षेचे निकाल आणि व्हिसाचे अर्ज तिच्या हातून गेले होते. असल्या वेबसाइटींना ती भीक घालत नसे.

"मेली, सासूसारखी हटून बसलीय," ती पुटपुटली. मग तिनं स्वतःचा ई-मेल टाकून पाहिला. फॉर्म लगेच पुढे सरकला.

"झालं की! माझाच ठेवू या, मावशी. काही कळवलं त्यांनी तर मी धावत येऊन सांगेन."

"नको," वसीला म्हणाली. "त्याच्याबद्दल जे कळायचं ते त्याच्याच पत्त्यावर कळू दे."

"अगं, पण हा पत्ता चालू तरी आहे का?"

"आमच्या घरात तेवढा एकच आहे. माझा फोन सुरू करायला मेल लागतो म्हणाला, आणि स्वतःचाच त्यात घालून दिला. मला काय कळतंय त्यातलं?"

लमियाला तिची दया आली आणि थोडा रागही आला. मेलेल्या पोराच्या पत्त्यासाठी जिवंत बाई अडून बसली होती. पण पत्ताच बंद पडलाय हे दाखवून दिलं, तर ऐकेल बिचारी. म्हणून तिनं स्वतःच्या मेलवरून रमझीच्या पत्त्यावर दोन शब्द लिहून पाठवले.

वसीलाच्या पर्समधला फोन वाजला.

"म्हणजे पत्ता धडधाकट आहे," लमिया म्हणाली. "मग घेत का नाही? दे बघू फोन."

वसीलानं फोन दिला. त्यातली मेलची पेटी कोणी कधी उघडलीच नव्हती. जाहिरातींचा ढीग साचला होता. सगळ्यांत वर लमियाचे दोन शब्द होते आणि त्यांच्या खाली त्याच संस्थेचा 'नोंदणी पूर्ण' असा मेल. गेल्या आठवड्यातला.

"मावशी, या पत्त्यावरून तिथं आधीच कोणीतरी नोंदणी केलीय. म्हणून तो परत घेत नाहीये. हमीदाकाकांनी केली का?"

"तो? त्याला साधा फोन उचलता येत नाही."

लमियानं मेल उघडला. पहिली ओळ वाचली आणि ती खुर्चीतून उठून उभी राहिली. वसीला तशीच बसून होती.

"वाच की," वसीला म्हणाली. "जे असेल ते वाच."

लमियानं वाचायला सुरुवात केली.

"नोंद करणारा: रमझी, हमीदाचा मुलगा. सध्या मुक्काम: लिबिया, समुद्रातून वाचवून आणलेल्या निर्वासितांचा तुरुंग. हरवलेली व्यक्ती: वसीला, महदिया. नातं: आई."