गॅलरीतून

“डोंगरात सायकल घेऊन जाणारा माणूस हेल्मेट विसरतोच कसा?” डॉक्टर एवढंच म्हणाले आणि ऑपरेशन थिएटरच्या दाराआड गेले.

 अपूर्वा झोपेत असतानाच तिचा नवरा सुयोग येऊरच्या डोंगरात निघून गेला होता. त्याची पाठपिशवी आता तिच्या मांडीवर होती. तिच्यात पंप होता, पाणी होतं, चिक्कीसुद्धा होती. नेमकं डोकं सांभाळणारं तेवढं घरी राहिलं. उतारावर चाक घसरलं आणि दगडाने डाव साधला.

एवढ्यात मुलुंडच्या घरून सासूबाई पोचल्या. पायांत दोन तऱ्हेच्या चपला, आणि तान्ह्या लेकरासारखं उराशी धरलेलं सुयोगचं हेल्मेट.

“आई, हे कुठे मिळालं तुम्हाला?”

“सोफ्यावर राहिलं होतं गं. मी ते घेऊन गॅलरीत धावले, तेव्हा तो गेटपाशीच होता.”

“म्हणजे तुम्ही पाहिलंत? तेव्हाच?” अपूर्वाचा आवाज फाटला. “मग हाक का नाही मारलीत? एक हाक, आई!”

सासूबाई हेल्मेटचा पट्टा पदराने पुसत राहिल्या. जीव घाबरला की त्यांच्या तोंडी मालवणी यायची.

“भायर पडलेल्या माणसाक पाठसून हाक मारू नये गो,” त्या पुटपुटल्या. “माझो सुयोग सुखरूप घराक येवंदे, म्हणान नाय मारलंय.”