बारीक तार

बस्ता बांधून झाला तशी दोन्हीकडची मंडळी खामगावच्या बाजारात माणिकरावांच्या वाद्यांच्या दुकानात शिरली. शैलजाच्या सतारीला नव्या तारा घ्यायच्या होत्या. सतार रुखवतात मांडायची, असं तिच्या होणाऱ्या सासूबाईंनी, मेहकरच्या सरस्वतीबाईंनी, बोलणी चालू असतानाच सांगून टाकलं होतं.

महाराष्ट्र झाल्यापासून आपला माल थेट मुंबईहून येतो, हे माणिकरावांनी कुणी न विचारता सांगितलं. मग तारांची दोन वेटोळी गादीवर ठेवली.

"हे जाड तार पाहा, बाई. वर्षानुवर्षं तुटत नाही, पन बोलते घुम्यावानी. अन् हे बारीक. आवाज लय गोड. पन रोज वाजवलं तं दोन महिन्यांत जाते."

"जाडच द्या," सरस्वतीबाई म्हणाल्या.

रुखवत झालं की सतार दिवाणखान्यात टांगायची. घरात आलं-गेलं, सणवार. रोज वाजवत कोण बसणार? थोरल्या सुनेनंही माहेरून बाजाची पेटी आणली होती. तिच्यावर आता लोणच्याच्या बरण्या छान बसतात, असं सांगून त्या हसल्या. शैलजाचे वडील रमाकांतराव कचेरीत कारकून. साहेब हसला की हसायची सवय. तेही हसले.

शैलजा हसली नाही. तिनं भिंतीवरची सतार मागून घेतली, बारीक तार चढवायला लावली आणि पदर खोचून तिथंच गादीवर बसली. पहिल्याच मींडेला रस्त्यावरची माणसं थबकली. रमाकांतराव खाकरले. ती वाजवतच राहिली. गत पूर्ण करूनच थांबली.

"बारीक द्या, काका."

"अगं, तुटेल ती," सरस्वतीबाई म्हणाल्या.

"तुटेल ना. वाजवल्यावर तुटायचीच. दर दोन महिन्यांनी मेहकरला पार्सल पाठवाल, काका?"

माणिकरावांनी कानावरची पेन्सिल काढली आणि पार्सलवर नाव काय टाकू म्हणून विचारलं.

"प्रतिमा," सरस्वतीबाईंनी सांगितलं. "लग्नात आम्ही तेच ठेवणार आहोत."

पेन्सिल कागदाला टेकली.

"शैलजा लिहा, काका," शैलजा म्हणाली. "प्रतिमाला सतार येत नाही."