वापरातला फ्लेक्स

रोपवाटिकेत आम्ही बायका दिवसभर रोपांना पाणी घालतो आणि स्वतः मात्र घोटभरही पीत नाही, कारण प्यायलं तर जायचं कुठे? पुरुष खुशाल झाडामागे उभे राहतात. ऑफिसात एक संडास आहे, पण तो पाहुण्यांसाठी, आणि त्याची किल्ली साहेबांच्या खिशात.

माझ्या सासूबाईही इथेच कामाला आहेत. बायकांसाठी संडास बांधा म्हणून त्यांनी साहेबांचा पिच्छा पुरवला, तर साहेबांचं एकच पालुपद, "बाई, बजेटमध्ये बसत नाही." मागच्या आठवड्यात मात्र पर्यावरण दिनाच्या कार्यक्रमासाठी आमच्या हसऱ्या चेहऱ्यांचा भलामोठा फ्लेक्स छापून आला, 'पर्यावरणाच्या कामात स्त्री-पुरुष समान'. तो तेवढा बजेटमध्ये बसला. सासूबाईंनी त्याचं टोक बोटांत धरून चाचपलं आणि हळूच म्हणाल्या, "चांगला जाड आहे गं. आरपार काही दिसत नाही."

आज पाहुण्यांच्या गाड्या फाटकातून आत आल्या, तरी मंडपातली फ्लेक्सची जागा रिकामीच होती. साहेब घामाघूम होऊन आमच्याकडे धावत आले. "अहो बाई, फ्लेक्स कुठे गेला?"

सासूबाईंनी खताच्या खड्ड्यापलीकडे बोट दाखवलं. तिथे चार बांबूंभोवती आमचे हसरे चेहरे गच्च गुंडाळलेले होते आणि बाहेर दोघीजणी हातात टमरेल घेऊन रांगेत उभ्या होत्या.

"आधी काढा तो," साहेब ओरडले.

 

"वापरात आहे, साहेब," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "पाहुण्यांना दाखवायला आणलंत, तर लांबूनच खाकरा."