बसण्याचा ठराव

सन त्रेसष्टची गोष्ट. खामगावकडच्या आमच्या लहानशा चर्चात उजवीकडे पुरुष बसत आणि डावीकडे बायका. नवरा-बायको शेजारी बसले की लक्ष देवावर राहत नाही, म्हणून हा जुना नियम. शांतवन कंपाउंडर आणि रूपदास शिंपी मात्र पुरुषांच्या बाजूला, एकाच गीतपुस्तकावर दोन डोकी घालून बसायचे. बारा वर्षं दोघं एका घरात राहत होते. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, म्हणूनच कोणी काही विचारत नव्हतं.

नवे पाळकसाहेब आले आणि भरसभेत म्हणाले, "या दोघांना मंडळीतून काढा."

"काढता काऊन?" म्हातारी सोजराबाई उठली. "मी तापानं पडली होती तवा यायनंच मले पेज पाजली. तुमच्या पंचातला एक बी फिरकला नाही."

पंच खाली पाहू लागले. पाळकसाहेबही नरमले. "बरं, दया करतो. राहू द्या मंडळीत. पण नवरा-बायकोचा नियम यांना लावा. एकानं बायकांकडे बसायचं." ठराव एकमतानं झाला, वहीत चढला, खाली पाळकसाहेबांची सही झाली.

रविवारी रूपदास मुकाट्यानं बायकांत जाऊन बसला. सोजराबाईनं सरकून जागा दिली. उपासना संपल्यावर शांतवन हात जोडून पाळकसाहेबांपुढे उभा राहिला.


"सायेब, त्या ठरावाची एक नक्कल द्या ना. बारा वर्सं झाले, आमच्यापाशी लग्नाचा दाखलाच नव्हता."