चपलांचा ढीग

१९९२ च्या उन्हाळ्यात मी सेलूच्या मोंढ्याजवळ, धान्यबाजाराला लागून, कम्प्यूटरचं दुकान टाकलं. यंत्राला गारवा लागतो असं विकणाऱ्यानं बजावलं होतं, म्हणून एसीही बसवला. सासरे म्हणाले, "जावईबापू, हितं कोण बघतंय तुमचं ते कम्प्यूटर? न्हाई चाललं तर गुमान आमच्या कापसाच्या जिनिंगवर या."

मी इरेला पेटलो. लोकांची भीती जावी म्हणून रोज भर दुपारी फुकट माहिती सांगायला लागलो. फ्लॉपी उन्हात ठेवू नका, चुंबकाजवळ नेऊ नका, असं बरंच काही. आठवड्याभरात दाराबाहेर चपलांचा ढीग पडायला लागला. हमाल, अडते, बाजाराला आलेल्या बाया, सगळे सतरंजीवर दाटीवाटीनं बसायचे. म्हातारे मुंजाजीबापू तर डोळे मिटून, मान डोलवत ऐकायचे. मी सासऱ्यांना सांगावा धाडला, "एकदा येऊन चपला बघा."

ते आले नेमके त्या दिवशी, ज्या दिवशी कम्प्यूटर बिघडून औरंगाबादला गेला होता. सवयीनं मी एसी तेवढा लावला होता. सासऱ्यांच्या देखत, दार अडवून, मी जमलेल्या मंडळींना सांगितलं. "माफ करा, आज कम्प्यूटरच न्हाई. माहिती बंद."

मुंजाजीबापूंनी शांतपणे चपला काढल्या, माझ्या हाताखालून आत शिरले आणि आपली जागा धरून बसले.



"असू द्या मालक. तेवढं दार लावा, गार हवा बाहेर जायलीय."